भंगारातून इंग्लिश व्हील: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्र्याला दोन्ही दिशांनी गोलाई देणारं यंत्र, म्हणजे इंग्लिश व्हील, घरी बनवायचं म्हटलं की तेच ते प्रश्न फिरून येतात. मी आतापर्यंत अशी दोन यंत्रं बनवली. पहिलं दोन वर्षांत पुन्हा भंगारात गेलं, दुसऱ्यावर आजही काम चालतं. खालची बरीचशी उत्तरं पहिल्याने शिकवलेली आहेत. जिथे नुसता आकडा दिला आहे तिथे तो मिलिमीटरमध्ये समजावा.

हे यंत्र नेमकं करतं काय?

इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा एक भक्कम सांगाडा असतो. त्याच्या तोंडात एकावर एक दोन चाकं. वरचं मोठं आणि सपाट, खालचं लहान आणि मध्ये किंचित फुगीर. खालच्याला ऐरण म्हणतात, कारण काम तेच करतं. पत्रा या दोघांमध्ये धरून हाताने मागेपुढे ओढायचा. प्रत्येक फेरीला चाकाखालचा चिंचोळा पट्टा अगदी किंचित दबून पातळ होतो आणि तेवढा पसरतो. आजूबाजूचा पत्रा त्याला पसरायला जागा देत नाही, मग तो वर उचलतो. गोलाई येते ती अशी.

याचा हिशेब डोक्यात असलेला बरा. २०० व्यासाची चकती घ्या आणि तिचा घेर तेवढाच ठेवून मध्यभाग २० उचला. क्षेत्रफळ ४ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे १ मिमीचा पत्रा सरासरी ०.९६ होतो. काहीच नाही. पण तोच मध्यभाग ५० उचलायला गेलात तर क्षेत्रफळ २५ टक्के वाढतं आणि पत्रा ०.८ वर येतो. खोल वाटीसारखी वस्तू नुसत्या चाकावर का होत नाही, ते इथेच कळतं. तिथे कडा आवळाव्या लागतात, आणि हे यंत्र पत्रा फक्त वाढवतं, आवळत नाही.

मग लाकडी हातोडा आणि वाळूची पिशवी काय वाईट?

काहीच वाईट नाही. उलट दोन्ही लागतातच. खोल आकार पिशवीवर ठोकून लवकर येतो, पण त्यावर शेकडो पोचे आणि उंचवटे राहतात. ते सारखे करायला चाक. ज्यांच्याकडे अजून काहीच नाही त्यांनी आधी चामड्याची वाळूपिशवी शिवावी, चाक नंतर बनवावं.

रोलिंग मशीन आणि हे एकच का?

नाही. तीन रोलांचं मशीन पत्र्याला एकाच दिशेने वाकवतं. पाइप, ड्रम, नळकांडं होतं. तिथे पत्रा वाकतो, ताणला जात नाही. मडगार्ड, टाकीचा वरचा भाग, गाडीच्या दाराची बाहेरची बाजू हे दोन दिशांनी गोल असतात. त्यांना इंग्लिश व्हील.

भंगारातलं काय चालतं आणि काय अजिबात चालत नाही?

जो भाग फक्त भार पेलतो तो भंगारातला बिनधास्त घ्या. जो भाग पत्र्याला टेकतो तो भंगारातला असला तरी लेथवर चढवून, घासून, आरसा करूनच लावा. सांगाड्याला गंज, जुनी भोकं, दुसऱ्याच कुणाच्या वेल्डिंगच्या खुणा असल्या तरी पत्र्याला त्याचा पत्ता लागत नाही. चाकाला नखाएवढा टवका असेल तर तो प्रत्येक फेरीला पत्र्यावर सही करतो.

मी पहिल्या वेळी नेमकं उलटं केलं. सांगाडा नव्या, चकचकीत पण हलक्या पाइपाचा बनवला आणि चाकं मिळाली तशी लावली.

सांगाडा कशाचा करू?

जाड भिंतीचा चौकोनी पाइप. जेवढा मोठा मिळेल तेवढा. जुनी यंत्रं, शेतीची अवजारं, ट्रेलरचे सांगाडे, मोडलेल्या मांडण्या यांत तो सापडतो. यंत्र चालेल की नाही याचा निम्मा निकाल इथेच लागतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

समजा १००×१००×६ चा (बाहेरची दोन मापं आणि भिंतीची जाडी) चौकोनी पाइप आहे, सीची खोली, म्हणजे चाकांपासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर, ६०० आणि मागचा खांब ५०० उंच. चाकांवर १०० किलोचा दाब आला की वरचा हात वर, खालचा हात खाली आणि खांब मागे वाकतो. तिन्ही मिळून चाकांमधलं अंतर जवळपास अर्धा मिलिमीटर वाढतं. आता हाच सांगाडा ७५×७५×५ च्या पाइपात करा, ते अंतर १.४ च्या आसपास जातं. १५०×१५०×६ मध्ये केला तर ०.१५ च्याही खाली. पाइप थोडा मोठा झाला की फायदा कितीतरी पटीने होतो. भिंत जाड करण्यापेक्षा पाइपाचं बाहेरचं माप वाढवणं नेहमी परवडतं.

माझं पहिलं यंत्र ५०×५०×३ चं होतं. त्याच हिशेबाने ते १०० च्या पाइपापेक्षा १६ पट लवचीक भरतं, पण हा हिशेब मी ते बनवून झाल्यावर केला. स्क्रू आवळला की दाब वाढण्याऐवजी सीचं तोंड डोळ्याला दिसेल एवढं उघडायचं. वर पत्रा ओढताना वरचं चाक डावी-उजवीकडे झुलायचं. नंतर बाहेरून पट्ट्या, कोपऱ्यांत त्रिकोण, मागे आडवा पाइप असं काय काय जोडलं. वजन दुप्पट झालं, लवणं निम्मंही गेलं नाही.

सीची खोली किती ठेवावी?

मोह आवरा. पत्रा दोन्ही बाजूंनी फिरवून घालता येतो, त्यामुळे ६०० खोलीत १२०० रुंदीच्या पत्र्याच्या मधोमध पोचता येतं. मोटारसायकलचं मडगार्ड किंवा टाकी एवढंच करायचं असेल तर ४०० पुष्कळ झाली.

वरच्याच उदाहरणात खोली ६०० ची ९०० केली तर अर्ध्या मिलिमीटरचं १.३ होतं. दीडपट खोलीला पावणेतीनपट लवणं. मोठी खोली हवीच असेल तर पाइपही त्या मानाने वाढवा, नाहीतर नको.

आय-बीम फुकट मिळतोय. चालेल?

उभ्या भाराला उत्तम, पिळाला कच्चा. पत्रा तिरका ओढला की वरच्या हाताला पीळ बसतो, आणि उघड्या कापाचा बीम तिथे लेचापेचा पडतो. घ्यायचाच असेल तर दोन्ही उघड्या बाजूंना ६ ची प्लेट पूर्ण लांबीभर वेल्ड करून त्याची पेटी करा. दोन चॅनल समोरासमोर जोडूनही पेटी होते. माझ्या दुसऱ्या यंत्राचा खांब असाच आहे, जुन्या यंत्राच्या पायातल्या दोन चॅनलचा.

वेल्डिंगनंतर सांगाडा पिळला गेला. आता?

वेल्ड थंड होताना ओढतोच. त्यामुळे आधी चारी बाजूंनी टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, गुण्या लावा, कर्ण मोजा आणि मग समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने थोडं थोडं वेल्ड करा. एका बाजूने सलग ओढून काढलात तर वरचा हात कुठेतरी तोंड वळवून बसणारच.

झालंच असेल तर सांगाडा तोडू नका. वरच्या चाकाचं घर, म्हणजे चाक धरणारा भाग, वेल्ड न करता बोल्टने बसवा, भोकं लांबट ठेवा आणि खाली पातळ पत्र्याच्या चिपा घालून चाक सरळ करा. खरं तर सांगाडा सरळ आला तरी घर असंच बसवावं. चाकांची रेषा हे सगळ्यात शेवटचं काम, सगळी वेल्डिंग संपून सांगाडा गार झाल्यावरचं.

वरचं चाक कशातून काढू?

२०० ते २५० व्यास आणि ५० ते ७५ रुंदी एवढं डोळ्यासमोर ठेवा. जुना मोठा गिअर मिळाला तर दाते उतरवून घ्या, आत चांगलं पोलाद असतं. जाड शाफ्टचा तुकडा, ट्रॉलीचं भरीव पोलादी चाक, सपाट पट्ट्याची पुली हेही चालतं. बिडाच्या पुलीत कधीकधी बारीक छिद्रं निघतात आणि ती लेथवर दोन मिलिमीटर उतरवल्यावरच दिसतात, तेव्हा थोडा जास्त माल असलेली पुली निवडा. २०० व्यासाचं ७५ रुंद भरीव चाक साधारण साडेअठरा किलो भरतं, हे एकट्याने उचलून लेथवर लावण्याआधी लक्षात असू द्या.

आत दोन बेअरिंगं बसवा, दोन्ही कडांच्या जवळ. ६२०५ नंबरचं सहज मिळतं, आत २५, बाहेर ५२, जाडी १५. एकच बेअरिंग मध्यावर बसवलं तर चाक डोलतं. बेअरिंगाचं घर आणि बाहेरचा पृष्ठभाग एकाच पकडीत टर्न करायला सांगा. काम काढून उलटं लावलं की दोघांचा मध्य हलतो. टर्नर कंटाळला तरी हा हट्ट सोडू नका.

चाक बसवल्यावर डायल गेज (चाक किती डोलतं ते काट्याने दाखवणारं मापक) लावून हळू फिरवा. काटा ०.०५ च्या आत राहिला की झालं.

बेअरिंगची बाहेरची रिंग खालचं चाक म्हणून वापरता येते, असं ऐकलंय.

येते, आणि भंगारातली ही खरोखर हुशारीची युक्ती आहे. रिंग आधीच कडक केलेली आणि बाहेरून ग्राइंड केलेली असते. पूर्ण बेअरिंगच शाफ्टवर लावलं की चाकही झालं आणि फिरायची सोयही झाली. अडचण रुंदीची. ६३०८ नंबरचं घेतलं तर बाहेर ९० व्यास मिळतो पण रुंदी फक्त २३. दोन शेजारी लावली तर मधल्या सांध्याची रेघ पत्र्यावर उमटते.

दुसरी अडचण गोलाईची. ही रिंग बाहेरून सपाट असते आणि एवढ्या कडक पोलादावर लेथचं साधं टूल नुसतं घसरतं. ग्राइंडरवर गोलाई द्यायची तर चाक फिरवत, हात अजिबात न थांबवता द्यावी लागते, आणि रिंग निळी पडली की कडकपणा गेला. मी सपाट ऐरणीसाठी एक मोठं बेअरिंग वापरतो. फुगीर चाकं मात्र गोल सळईतून टर्न करून घेतली.

खालची किती चाकं लागतात आणि गोलाई किती?

सुरुवातीला तीन पुरतात: फुगीर कमानीची त्रिज्या ७५, १५० आणि ३०० असलेली. त्यात एक सपाट मिळवलंत तर वर्षभर तक्रार येऊ नये. चाकाचा व्यास ७५ च्या आसपास, रुंदी ५०.

टर्नरला त्रिज्या सांगून भागत नाही, फर्मा द्यावा लागतो. पत्र्यावर कंपासने कमान काढा, कापा, कानसीने साफ करा आणि तो फर्मा चाकावर उभा धरून पलीकडून उजेड बघा. कुठेही फट दिसली नाही पाहिजे. पडताळायला आणखी एक सोपं माप: ५० रुंद चाकाची कड मध्यापेक्षा किती खाली आहे ते बघा. ७५ त्रिज्येला ते ४.३ येतं, १५० ला २.१ आणि ३०० ला जेमतेम १. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ चालतो, म्हणून अंदाजपंचे ग्राइंडर मारून चालत नाही.

मध्यावर साधारण ६ रुंदीचा पट्टा सपाट ठेवा. तो नसेल तर चाक एका रेषेवर टेकतं आणि पत्र्यावर चर पडतात.

कुठलं चाक कधी लावायचं?

पत्र्याची पोकळ बाजू खाली, ऐरणीवर असते. ऐरण पत्र्याच्या गोलाईपेक्षा नेहमी थोडी जास्त फुगीर हवी. कमी फुगीर लावली तर तिच्या कडा पत्र्यात रुततात आणि दोन समांतर रेघा पडतात. आकार वाढत जाईल तसं ३०० वरून १५० वर, मग ७५ वर या.

चाकं कडक करून घ्यावीत का?

अ‍ॅल्युमिनियम आणि पातळ माइल्ड स्टीलसाठी ईएन-८ या साध्या पोलादाची न तापवलेली चाकंही बराच काळ टिकतात. अट एकच, वेल्डचा उंचवटा घासून सपाट केल्याशिवाय त्यावरून चाक फिरवायचं नाही. स्टेनलेस करणार असाल तर ईएन-३१ (बेअरिंगचं पोलाद) घेऊन कडक करा, पण त्यानंतर ग्राइंडिंग करावंच लागतं, कारण तापवून बुडवलेलं चाक गोल राहत नाही.

पॉलिश मात्र दोन्ही प्रकारांत. २२०, ४००, ६००, १००० नंबर असा पॉलिश कागद चढत जायचा आणि शेवटी मेटल पॉलिश. लेथ चालू असताना कागदाची पट्टी बोटाला गुंडाळून धरू नका. दोन टोकं दोन हातांत सैल धरा, अडकली तर सुटून जाऊ दे.

दाब वाढवायला गाडीचा हायड्रॉलिक जॅक लावू का?

नको. बाटली-जॅक टनांच्या हिशेबाचा असतो आणि इथे चावी आठवा हिस्सा फिरवली तरी फरक कळला पाहिजे. शिवाय जुना जॅक हळूहळू बसतो. अर्धा पत्रा एका दाबावर आणि अर्धा दुसऱ्यावर होतो, तुम्हाला कारण कळत नाही.

भंगारातल्या कात्री-जॅकचा स्क्रू किंवा मोडक्या व्हाइसचा स्क्रू यासाठी छान. आटे चौकोनी किंवा ट्रॅपेझॉइडल असतात, भार घ्यायलाच बनवलेले. फक्त ते खडे असतात. पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ५ असेल तर पाव फेरीत चाक सव्वा मिलिमीटर वर जातं, म्हणजे साधारण पत्र्याच्या जाडीएवढं. म्हणून खाली मोठं चक्र लावा, ३०० व्यासाचं तरी. ते पायाने ढकलता येईल अशा उंचीवर असेल तर दोन्ही हात पत्र्यावर राहतात. जुन्या व्हॉल्व्हचं चक्र माझ्याकडे नेमकं बसलं. पर्याय म्हणून एम-२४ चा बारीक आट्यांचा, २ पिचचा बोल्ट आणि लांब नट घेतलात तर हात जास्त हलका लागतो.

खालचं चाक वर-खाली करायला चौकोनी पाइपात पाइप सरकवलाय, पण डगडगतो. आणि एका जागी अडकतोही!

दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच पाइपात आहे. ५०×५०×३ च्या आत ४४ ची जागा असते, त्यात ४० चा पाइप टाकला की चारी बाजूंनी २-२ सैल. आणि अशा पाइपाच्या आतल्या एका भिंतीवर कारखान्यातल्या वेल्डचा उभा मणी असतो. बाहेरून तो दिसत नाही, आतला पाइप त्यावर घासतो. टॉर्च मारून बघा, लांब कानसीने तो उतरवा.

मग लगतच्या दोन भिंतींना वर-खाली अशी भोकं पाडून नट वेल्ड करा, त्यातून बोल्ट, बोल्टच्या टोकाशी पितळेचा तुकडा. बोल्ट हलके आवळत आतला पाइप समोरच्या कोपऱ्यात दाबून बसवायचा. हाताने हलवून टकटक ऐकू येईनाशी झाली की लॉकनट लावा. ग्रीस भरपूर.

चाकं एकमेकांशी समांतर आहेत हे कसं ओळखू?

मऊ अ‍ॅल्युमिनियमची ३० रुंद, ३०० लांब पट्टी कापा आणि सपाट ऐरण लावून मधोमध चार-पाच वेळा सरळ फिरवा. जमिनीवर ठेवून बघा. पट्टी तलवारीसारखी एका बाजूला वळली असेल तर बाहेरची, म्हणजे लांब झालेली बाजू जास्त दबतेय. त्या बाजूला चाकं जवळ आहेत. चीप घाला, नवी पट्टी घ्या, पुन्हा बघा. मला शेवटी पाऊण दिवस आणि अकरा पट्ट्या लागल्या.

वरून पाहता दोन्ही शाफ्ट एकाच दिशेत नसले तर पत्रा ढकलताना आपोआप एका बाजूला पळतो. त्याला चीप उपयोगाची नाही, घर फिरवावं लागतं. लांबट भोकं ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी.

पत्र्यावर ठरावीक अंतराने एक खूण उमटते. कुठून येते?

मोजपट्टी घ्या. दोन खुणांमधलं अंतर हाच गुन्हेगाराचा पत्ता. २०० व्यासाच्या चाकाचा घेर ६२८, ७५ च्या ऐरणीचा २३६. ज्याच्या घेराशी अंतर जुळेल ते चाक दोषी.

एकदा टाकीच्या वरच्या भागावर काम चालू होतं. तिरप्या उजेडात पत्रा धरला तर डाळिंबाच्या दाण्याएवढी, पण जेमतेम खोल अशी टिकली दिसली. वीतभर पुढे तशीच दुसरी. मोजलं, २३५ आणि थोडं वर. ऐरण काढून पुसली, काही दिसेना. नखाची कड त्यावरून हळू फिरवली तेव्हा एका जागी नख अडकलं. ग्राइंडरचा उडालेला कण वितळून चाकाला चिकटला होता, मोहरीच्या पावपट असेल. तो तेलदगडाने घासला आणि त्या दिवसापासून यंत्रावर जाड कापडाची खोळ आली. ग्राइंडर दुसऱ्या कोपऱ्यात गेला.

कुठल्या पत्र्यापासून सुरुवात करू?

३००३ किंवा ११०० प्रतीचं अ‍ॅल्युमिनियम, १.२ ते १.५ जाड. चुका माफ करतं. पुढे सीआर (थंड अवस्थेत लाटलेला पोलादी) पत्रा, २० गेज, म्हणजे ०.९ च्या आसपास. घरच्या सांगाड्यावर १८ गेजपर्यंत, १.२ पर्यंत जा, त्यापुढे यंत्राची आणि खांद्यांची दोघांचीही परीक्षा होते. ६०६१-टी६ हे कडक अ‍ॅल्युमिनियम टाळा, ते चटकन चिरतं. स्टेनलेस दर फेरीला आणखी कडक होत जातं, शिकण्यासाठी नाहीच.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा चाकावर घेतला तर मुलाम्याचे कण चाकाला चिकटतात. नको.

अ‍ॅल्युमिनियम काम करता करता कडक झालं तर?

तापवून मऊ करा. अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही. लाल होण्याची वाट बघत बसलात तर ६६० अंशांच्या आसपास ते सरळ वितळून खाली पडेल, मिश्रधातू तर त्याआधीच. म्हणून खूण लागते. पत्र्यावर साध्या साबणाने रेघा ओढा आणि मागच्या बाजूने ज्योत सतत हलती ठेवून तापवा. रेघा गडद तपकिरी-काळ्या झाल्या की थांबा. गॅस वेल्डिंगचा संच असेल तर नुसत्या अ‍ॅसिटिलीनच्या पिवळ्या ज्योतीने काजळी धरवा, मग ऑक्सिजन सुरू करून मऊ ज्योतीने ती काजळी उडेपर्यंतच तापवा. गार झाल्यावर धुऊन, पुसून मगच चाकावर.

पहिला सराव काय करावा?

३०० चा चौरस तुकडा. कडा कानसीने साफ आणि कोपरे गोल करा, नाहीतर पहिला ओरखडा चाकावर आणि दुसरा तळव्यावर पडेल. ३०० त्रिज्येची ऐरण लावा. दाब एवढाच की पत्रा खांद्याच्या जोराने नाही, मनगटांनी सरकेल. एक फेरी पुढे, एक मागे, मग ५ ते ६ बाजूला. मागच्या पट्ट्यावर पुढचा निम्मा चढला पाहिजे. सगळा तुकडा झाला की ९० अंशांत फिरवून पुन्हा तसंच.

फेरीच्या शेवटी नेमक्या त्याच रेषेवर थांबत राहिलात तर तिथे बांध तयार होतो. थांबायची जागा दर वेळी थोडी पुढेमागे करा. ही सवय हाताला लागायला वेळ लागतो, पहिल्या पाच तुकड्यांना कडेची चौकट दिसणारच.

तपासायचं डोळ्यांनी नाही. पातळ सुती हातमोजा घाला आणि तळवा पत्र्यावरून सपाट फिरवा, बोटांची टोकं वर उचलून. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळव्याला लागतो. हातमोजा मधे का, तर घामाचा चिकटपणा जातो आणि हात सरकतो.

कडा लाटांसारखी झाली, किंवा मधला भाग टक-टक आतबाहेर होतोय.

कडेला लाटा म्हणजे कड गरजेपेक्षा जास्त वाढली. एकतर कड आवळायची, नाहीतर मधला भाग तिच्या बरोबरीला आणायचा. मध्ये थोडं चाक फिरवल्यावर लाटा बसल्या तर नशीब.

डब्याच्या झाकणासारखा टक-टक वाजणारा मधला भाग म्हणजे मध्य वाढलाय आणि कडा ताठ आहेत. तिथे मध्यावर आणखी चाक फिरवणं ही सगळ्यांचीच पहिली चूक. त्या भागाला स्पर्शही करू नका, आजूबाजूच्या घट्ट पट्ट्यावर हलक्या दाबाने काम करा. दोन-तीन फेऱ्यांनंतर आवाज थांबतो.

पत्रा न ताणता नुसता बाक देता येतो का?

येतो, आणि त्यालाही भंगारच लागतं. सायकलच्या किंवा गाडीच्या जुन्या ट्यूबचा रुंद पट्टा वरच्या चाकावर ताणून चढवा. रबर दबतं, त्यामुळे पत्रा पिळून पातळ होत नाही, फक्त ऐरणीभोवती वळतो. तयार गोलाईला शेवटी एका दिशेने थोडा बाक द्यायला हे फार कामाचं. आधी मी हे माझ्या गुडघ्यावर करायचो.

मोटर लावली तर?

नाही. हात पत्र्यावरच राहू द्या. बोटं चाकांपासून वीतभर अंतरावर असतात आणि मोटर थांबायला अर्धा क्षण घेते.

भंगार कापताना कशापासून जपावं?

बंद पोकळीपासून. गाडीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर दांड्याच्या मोहाने कापू नका, आत दाबाखाली वायू आणि तेल असू शकतं. इंधनाची टाकी, ड्रम, वायूचं नळकांडं रिकामं वाटलं तरी त्याला ज्योत किंवा ग्राइंडर लावायचा नाही.

जस्त चढवलेला पाइप वेल्ड केला की पांढरा धूर निघतो आणि रात्री ताप, थंडी, अंगदुखी होते. सांध्याभोवतीचं जस्त घासून काढा, उघड्यावर काम करा. हायड्रॉलिक दांड्यावर चकचकीत क्रोमचा थर असतो. तो तापवण्याचा किंवा त्यावर वेल्ड करण्याचा धूर त्याहून वाईट, तो श्वासात जाऊच नये. शाफ्ट म्हणून दांडा जसाच्या तसा वापरा, कापायला आरी.

आणि उभा सांगाडा पुढे कलतो. सगळं वजन सीच्या तोंडाकडे आणि ओढायचंही त्याच बाजूने. पाय तिथेच लांब काढा, शक्य असेल तर जमिनीला बोल्ट करा.

चाकांना गंज येऊ नये म्हणून?

काम संपलं की पातळ तेलाचा हात. सुरू करण्याआधी ते तेल पूर्ण पुसा, कारण तेलकट पत्रा हातातून सुटतो आणि तेलावर बसलेली धूळ चाकाखाली जाते. वापरात नसताना स्क्रू ढिला करून चाकं एकमेकांपासून वेगळी ठेवा. महिनोन्‌महिने एकाच जागी दाबून ठेवली तर टेकलेल्या रेषेवर ओल धरते आणि नेमकी तिथेच गंजाची बारीक रेघ येते. माझ्या पहिल्या वरच्या चाकावर ती अजून आहे. त्या चाकाचा आता दाराला अडसर म्हणून उपयोग होतो.